गुंडाळलेली नळी

सोमाजी रामटेकेने डबा उघडला आणि आतलं सगळं टेबलावर पालथं केलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र घासून केव्हाच गेलेलं. टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, एक पाना, कात्री, ठिगळं कापायला जुन्या ट्यूबचा तुकडा, घासायला पॉलिश पेपर, बोटभर वालट्यूब. एकेक वस्तू हातात घेऊन त्याने पाहिली आणि परत डब्यात ठेवली. मग खिशातून रबर सोल्युशनच्या तीन कोऱ्या नळ्या काढल्या. टोपण काढून प्रत्येकीचं सील पाहिलं, पोट दाबून पाहिलं. नळ्या भरलेल्या होत्या. त्याही डब्यात टाकल्या.

एका नळीत दहा पंक्चर सहज निघतात. बावीस किलोमीटरच्या रस्त्याला तीन नळ्या नेणाऱ्या माणसाला कोणीही येडा म्हटलं असतं. सायकल दुकानवाल्या बिरजूने सकाळी म्हटलंच होतं.

"तीन काऊन? जंगलात दुकान टाकून राह्यला का?"

"तुह्या नळ्या रिकाम्या निघते."

"माह्या? अख्ख्या पळसटोल्यात कोणाची रिकामी निघाली नाई. तुह्याच डब्यात रिकामी होते. डबा बदल, सोमाजी."

त्यावर सोमाजी असा काही बोलला की बिरजूने हातातला पाना खाली ठेवला. पळसटोल्याच्या आरोग्य केंद्रात सोमाजीच्या रागाची आता सगळ्यांना सवय झाली होती. शिपायाने चहा उशिरा आणला तरी तो तडकायचा. वर्षापूर्वी हाच माणूस नाटकांतली पदं गुणगुणत मलेरियाच्या काचपट्ट्या धुवायचा, हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं.

आजचं काम साधं होतं. कोसमटोल्याच्या नर्स आशाबाईंची चिठ्ठी आली होती. आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात ताप चढला आहे, झटके येताहेत, क्विनिनची इंजेक्शनं संपली, आजच्या आज पाठवा. केंद्राची जीप डॉक्टरसाहेबांच्या वरिष्ठांना घेऊन मीटिंगला गेलेली. डॉक्टरांनी सहा कुप्या कापसात गुंडाळून सोमाजीच्या पिशवीत ठेवल्या.

"दिवस मावळायच्या आत पोचायला हवं. नाहीतर पोरगी राहत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तो रस्ता टाळता, मला माहीत आहे. पण आज दुसरं कोणी नाही."

पोरीचं नाव सीता. कोलू मडावीची पोरगी.

सोमाजीने पंप सायकलच्या दांडीला अडकवला, डबा कॅरिअरला सुतळीने आवळून बांधला आणि दात-ओठ खात पायडल मारलं. बारा वाजले होते.

गाव सुटलं. भाताच्या बांध्यांमध्ये धान कापून पडलेलं होतं आणि बाया भारे बांधत होत्या. त्यातल्या एकीने हाक मारली, तसं त्याने पायडल आणखी जोरात मारलं. मग बांध्या संपल्या आणि मुरमाचा रस्ता जंगलात शिरला. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन. नोव्हेंबरचं ऊन पानांतून खाली उतरत होतं आणि तरी रस्त्यावर गारवा होता. चेनीची करकर सोडली तर कशाचाच आवाज नव्हता.

सोमाजीला कोलूचा राग होता. मेलेल्या माणसावर राग धरू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं. सोमाजीने वर्षभर तो राग रोज उठून नव्याने धरला होता.

केंद्रात डबा एक आणि फिरणारी माणसं दोन, सोमाजी नि कोलू. जो बाहेर निघेल त्याने डबा न्यायचा. जो काही संपवेल त्याने भरून ठेवायचं. एवढाच नियम, कुठे लिहिलेला नाही, पण दोघं चार वर्षं पाळत आले होते. गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या गावात वडश्याच्या मंडळीचं रात्रभराचं नाटक लागलं. सोमाजीच्या दोन्ही जोड्यांचे तळ उकलले होते. मोची आठवडी बाजारालाच यायचा. सोमाजीने डब्यातली नळी काढली, दोन्ही तळांना सोल्युशन थापलं, जोडे दगडाखाली दाबून ठेवले. थेंबही वाया जाऊ नये म्हणून नळी खालून वर गुंडाळत आणायची आणि शेवटी उलटी घडी घालायची, ही त्याची जुनी खोड. तशीच ती गुंडाळली, टोपण लावलं आणि डब्यात परत ठेवली. उद्या बिरजूकडून नवी आणू असं मनाशी म्हटलं आणि नाटकाला गेला.

पहाटे कोलू डबा घेऊन कोसमटोल्याला निघाला. घरीही जाणं होणार होतं, म्हणून खुशीत होता म्हणे.

अकराव्या किलोमीटरच्या दगडापाशी त्याची सायकल उलटी करून ठेवलेली सापडली. मागची ट्यूब बाहेर काढलेली. भोकाभोवती नीट घासलेलं. ठिगळ गोल कापून बाजूच्या पानावर ठेवलेलं. फक्त चिकटवायचं राहिलं होतं. सरकारी सायकल जंगलात टाकून जायची नाही म्हणून तो कोणीतरी येईल याची वाट पाहत बसला असावा. दिवसभर कोणी आलं नाही. तिन्हीसांजेला वाघ आला. कोलूच्या मुठीत ती नळी होती.

पंचनाम्याच्या वेळी सगळ्यांनी विचारलं, नळी रिकामी कशी? सोमाजी म्हणाला, "वाळलं असेल. उघडी राह्यली का वाळते सोल्युशन." सगळ्यांनी माना डोलावल्या. नळी कोलूच्या बायकोने मागून घेतली, तीही त्याची वस्तू म्हणून. आणि सोमाजीचे जोडे असे पक्के बसले की वर्षभर त्यांना हात लावावा लागला नाही. आताही तेच त्याच्या पायांत होते.

डबा उघडून पाहायला काय झालं होतं त्याला? निघताना झाकण काढून एकदा बघितलं असतं तर? एवढा एकच प्रश्न सोमाजी वर्षभर चघळत होता, आणि दर वेळी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

अकरावा दगड दिसला. दगडाच्या पलीकडे डहाळ्यांचा ढीग होता, पुरुषभर उंच. वाघाने माणूस नेला त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने एकेक डहाळी टाकायची, अशी इथली रीत. टाकली नाही तर मेलेला माणूस सोबत चालू लागतो म्हणतात. सोमाजीच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देवांबरोबर भुतांनाही बाहेरची वाट दाखवली होती. सोमाजीने या ढिगावर कधी डहाळी टाकली नव्हती. आजही तो मान खाली घालून जोरात पायडल मारत निघाला.

मागचं चाक फस्स करून बसलं.

तो उतरला. टायरवरून बोट फिरवलं. काटा नव्हता, काच नव्हती, खिळा नव्हता. त्याने शिवी घातली आणि सायकल उलटी केली. पट्ट्यांनी टायर उचकटलं, ट्यूब ओढून काढली, थोडी हवा भरून गालाजवळून फिरवली. भोक सापडलं. पॉलिश पेपरने घासलं. ठिगळ गोल कापलं. कुठे ठेवावं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बाजूच्या सागाच्या पानावर ठेवलं.

ठेवल्यावर त्याचा हात तिथेच थांबला.

मग त्याने डब्यातून पहिली नळी काढली. टोपण फिरवलं. सील शाबूत होतं. पण नळीत काही नव्हतं. तिचं पोट खालून वर गुंडाळत आणलेलं होतं आणि शेवटी उलटी घडी घातलेली होती.

दुसरी नळी. सील शाबूत. गुंडाळलेली, उलटी घडी.

तिसरी हातात घेताना त्याला ती पाहावीशी वाटत नव्हती.

ऊन होतं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सोमाजी रस्त्यावर उकिडवा बसला होता आणि अजून रागातच होता. भरल्या दिवसा, चारचौघांच्या रस्त्यावर आपली अशी थट्टा व्हावी? त्याने तिन्ही नळ्या डब्यात आपटल्या.

"कोलू," तो ढिगाकडे पाहून म्हणाला.

एक पान पडलं. तेवढंच.

"तुह्या पोरीचं औषध आहे हे. सीताचं. आयकतं का?"

वारा नव्हता. कुठूनतरी गोडसर, नाकात चढणारा वास यायला लागला. नव्या सोल्युशनचा वास. डब्यातून तो येणं शक्य नव्हतं. ढिगाच्या बाजूने येत होता.

"माह्याशी भांडायचं तर भांड... पोरीनं तुहं काय केलं?" त्याचा आवाज चढला. "डबा पाह्याले काय झालं होतं तुले? झाकण काढून पाह्यतेत लोकं. तू काऊन नाई पाह्यलं? वर्ष झालं, मले झोप नाई. जेवण नाई. तू मेला आन् सुटला..."

मग जे वर्षभरात एकाही माणसापुढे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते त्या रागाच्या भरात निघालं.

"हो, मीच संपवली ती नळी. वाळली नव्हती. जोड्याले लावली मी. दोन्ही जोड्याले. नाटकाले जायचं होतं मले... नाटकाले."

जंगल तसंच उभं होतं. सोमाजीने गुडघ्यांत डोकं घातलं. आता सायकल टाकून पळत जायचं, अकरा किलोमीटर, असं त्याने ठरवलं. पण उठायचा जीव होईना.

खर्र... खर्र...

ढिगामागून आवाज आला. पॉलिश पेपर रबरावर घासल्याचा. ज्याने तो आयुष्यभर ऐकला आहे त्याला दुसरा कसला वाटणारच नाही. सावकाश, एका ठेक्यात, ज्याला कसलीच घाई नाही असा माणूस घासतो तसा.

सोमाजीने डोकं वर केलं नाही. घासणं थांबलं. मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग त्याच्या उजव्या पावलावर गार फुंकर आली.

सोल्युशन लावलं की ठिगळ ठेवण्याआधी माणूस त्यावर फुंकर घालतो, जरा सुकावं म्हणून. तशीच ती होती. लांब, हळू. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा आली तेव्हा तो किंचाळत उठला आणि उठताना अडखळून पडला. उजव्या जोड्याचा तळ सुटून टाचेपर्यंत लोंबत होता. वर्षभर दगडासारखा बसलेला तळ. चामडं आतून स्वच्छ होतं. सोल्युशनचा एक डागही नव्हता.

ट्यूब जिथे ठेवली तिथेच होती. तिच्यावर ठिगळ बसलेलं होतं, कडा दाबून दाबून पक्क्या केलेल्या.

ती ट्यूब हातात घ्यावी लागली हे सोमाजीच्या आयुष्यातलं सगळ्यात जड काम. पण पिशवीत सहा कुप्या होत्या. त्याने ट्यूब चढवली, टायर बसवलं, डोळे मिटून पंप मारला आणि मागे न पाहता सायकल हाणली. सुटलेला तळ प्रत्येक फेऱ्याला पायडलवर फट फट आपटत होता.

साडेतीनच्या सुमारास तो कोसमटोल्याला, कोलूच्या घरी पोचला. आशाबाईंनी पिशवी त्याच्या हातातून ओढली आणि आत गेल्या. अंगणात कोलूची बायको रुखमा उभी होती. ती रडत नव्हती. रडून झालं होतं तिचं.

दिवस कलायला आला तेव्हा आशाबाई बाहेर आल्या. "झटका थांबला," म्हणाल्या. "दोन तास उशिरा आले असते तर मी काहीच करू शकले नसते." रुखमाने सोमाजीला पाणी दिलं. मग तिचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं.

"जोडा फाटला तुहा, भाऊ. पाय पुढं कर."

"राहू दे वैनी."

"पाय पुढं कर म्हणतो ना मी."

तिने घरातून सुतळी आणली आणि मातीत बसून त्याच्या पायावर तळ बांधू लागली. गाठ मारता मारता तिने मान वर न करता विचारलं, "भाऊ, त्या दिवशी नळी वाळली कशी? नवी नळी आणली म्हणे तो, मागच्या खेपेले."

आत पोरगी कण्हली. जी बाई आपल्या पायाशी बसली आहे, तिला हे कसं सांगायचं? आणि एवढं औषध आणल्यावर का सांगायचं? त्याला पुन्हा राग आला, आता तिचा.

"वाळते ते, वैनी," तो म्हणाला. "उघडी राह्यली का वाळते."

तिने गाठ पक्की केली आणि उठली.

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा सीताने स्वतःहून पेज मागितली. आशाबाई हसल्या. सोमाजी तोंड धुऊन सायकलपाशी आला आणि जागीच उभा राहिला. रुखमाने कॅरिअरवरचा डबा सोडला होता. तिन्ही नळ्या ओट्यावर ओळीने ठेवल्या होत्या. शेजारी पदराच्या गाठीतून सोडलेली चौथी होती, कोलूच्या मुठीतली, वर्षभर जपलेली. चारही खालून वर गुंडाळलेल्या. चारही घड्या उलट्या.

"भाकर ठेवाले डबा उघडला मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माहा माणूस मधातूनच दाबे. मलमाची नळी असो का काही. मी किती बोलो त्याले, खालून दाब. वर्षभर पाहून राह्यलो मी या नळीले. कोणाचा हात आहे, कोणाचा हात आहे म्हणून."

मग सोमाजीने सांगितलं. जोड्यांचं, मोची नव्हता त्याचं, दगडाखाली दाबून ठेवल्याचं. सांगताना त्याच्यात राग उरला नव्हता. रागाशिवाय ते फार लहान, फार घाण वाटत होतं.

रुखमाने सगळं ऐकलं. तिच्या मानेची शीर तटतटली होती.

"नाटक कसं होतं, भाऊ?"

सोमाजी आपल्या तीन नळ्या डब्यात भरू लागला.

"विचारून राह्यलो मी. चांगलं होतं का? रातभर बसला अशीन तू. हसला अशीन."

"वैनी..."

"वैनी नको म्हणू मले."

ती खाली बसली. काल बांधलेली सुतळी तिने नखांनी गाठ सोडवून काढली, हाताभोवती गुंडाळली आणि आत घेऊन गेली. दाराआडून म्हणाली, "पोरीचं औषध आणलं, ते आणलं. आता जा. पुन्हा माह्या दारात सायकल लावू नको."

तो निघाला. तळ पुन्हा पायडलवर फट फट आपटू लागला. राग गेल्यावर त्याची जागा रिकामी पडली होती आणि ती जागा भीतीने भरायला वेळ लागला नाही. तरी एक आशा होती. रुखमालाही सांगून झालं. आता कोणाला सांगायचं राहिलं नाही. ढिगापुढे कबूल केलं तेव्हा एक तळ सुटला, आता दुसऱ्या जोड्याचाही सुटेल आणि प्रकरण मिटेल.

अकराव्या दगडापाशी तो स्वतःहून उतरला. ऐनाची डहाळी मोडली आणि बापाची मनातल्या मनात माफी मागून ढिगावर ठेवली. मग दगडावर बसून डाव्या जोड्याचा तळ दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

तळ हलला नाही. त्याने कात्रीचं टोक फटीत घालून पाहिलं. कात्री आत जाईना. मग त्याने जोडाच पायातून काढायला घेतला, तर तो निघेना. टाच धरून ओढला, शिवी घातली, पाय झाडावर लावून ओढला. जोड्याच्या आत, पावलाखाली, काहीतरी चिकट आणि गार पसरत होतं. तो गोडसर वास आता आपल्याच पायातून येत होता. 'वाळते ते, वैनी,' हे काल तिला दिलेलं उत्तर त्याला आठवलं.

दोन्ही चाकांत हवा भरपूर होती. रस्ता मोकळा होता. ढिगामागे कोणीतरी घुटका गिळावा तसा श्वास घेतला आणि डाव्या पावलावर हळूच फुंकर आली. मग दुसरी. सोल्युशन सुकायला जितका वेळ लागतो तितका वेळ ती येत राहिली.